एका डोळ्याचं थेटर: हातातला जुना फिल्म व्ह्यूअर आणि त्याची माळ कशी करावी

तंबू थेटरातल्या ऑपरेटरचं नाव कुणाला माहीत नसायचं, आणि ते माहीत नसणं हीच त्याची पावती. नाव निघायचं ते फिल्म तुटल्यावर. आधी शिट्ट्या, मग शिव्या, मग कनातीवर चप्पल. मी हे काम अकरा हंगाम केलं. दिवाळी झाली की ट्रक निघायचा तो वळीव पडेपर्यंत फिरायचा. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालचा खंडोबा, मांढरदेवची काळूबाई. आमच्याकडे फिल्मची प्रत यायची ती शहरातल्या चार थेटरांतून पिसून निघालेली. फिल्मच्या काठाची फाटकी भोकं सांधा, धूळ पुसा, ओरखडा लपेल तेवढा लपवा, आणि जोड असा मारा की तंबूतल्या कुणालाही कळू नये. हे सगळं आधी सांगतो, कारण पुढे जे करायला सांगणार आहे ते याच्या बरोब्बर उलटं आहे.

गेल्या वर्षी माझ्या नातीने पुण्याच्या जुन्या बाजारातून एक वस्तू आणली. ती कला महाविद्यालयात शिकते. चहाच्या कपाएवढी काळी डबी, एका टोकाला डोळा लावायची काच, दुसऱ्या टोकाला दुधी खिडकी, कुशीला बोटभर हँडल. ना बल्ब, ना सेल. कंपनीचं नाव घासून गेलेलं. "आबा, हे काय आहे सांगा," म्हणाली. मी म्हटलं, "यात्रेतली डबी आहे, जरा श्रीमंत घरातली."

यात्रेतली डबी चाळिशीच्या पुढच्या लोकांना आठवत असेल. प्लॅस्टिकची, एका बाजूला भिंग. आत फिल्मची एकेक चौकट सरकवायची आणि उजेडाकडे तोंड करून बघायची. जोड मारताना कापलेल्या चौकटी मागायला पोरं आमच्या तंबूमागे यायची. हिरोची चौकट दिली की पोरगं दिवसभर पाणी आणून द्यायला तयार. काही पोरं गेलेल्या बल्बचं बूड काढून त्यात पाणी भरायची, आरशाने ऊन आत घ्यायची आणि भिंतीवर चित्र पाडायची. नातीच्या डबीत आणि त्या डबीत फरक एवढाच, की हिच्यातलं चित्र हलतं. हँडल फिरवलं की फिल्म पुढे जाते, उलटं फिरवलं की मागे.

मग तिने मला जे सांगितलं ते ऐकून मी चष्मा काढून ठेवला. १९६२ साली जर्मनीतल्या व्हीसबाडेन गावी काही कलाकारांनी एक महोत्सव भरवला, तिथून 'फ्लक्सस' नावाची चळवळ पुढे आली. तिचा कर्ताधर्ता जॉर्ज मचूनस, मूळचा लिथुआनियाचा. त्याने साठच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये 'फ्लक्स इयर बॉक्स २' नावाची लाकडी पेटी काढली. तिच्यात वेगवेगळ्या कलाकारांच्या बारक्या बारक्या वस्तू, ८ मिलिमीटरच्या फिल्मचे लूप, म्हणजे टोकाला टोक जोडलेली कडी, आणि ते बघायला असाच एक हातातला व्ह्यूअर. म्हणजे थेटर, मशीन आणि सिनेमा एकाच पेटीत, खिळे-मोळे ठेवायच्या डब्यासारखं. मचूनसची स्वतःची एक फिल्म तर कॅमेऱ्याशिवाय केलेली. कोऱ्या फिल्मवर मोजपट्टी छापलेली, लांबी दहा फूट आणि नावही 'दहा फूट'.

त्याच मंडळींतला नाम जून पाइक, कोरियात जन्मलेला. त्याने १९६४ च्या सुमारास नुसती कोरी फिल्म मशीनवर चढवली. पडद्यावर पांढरा उजेड, आणि दर खेळाला त्या फिल्मवर जी धूळ बसेल, जे ओरखडे पडतील, तेच चित्र. मी नातीला म्हटलं, "अगं, मग मी आयुष्यभर पुसत बसलो ते काय होतं?" ती हसली. मला मात्र दोन दिवस ते डोक्यातून जाईना.

आधी यंत्र आणि फिल्म ओळखा

अशी डबी हाती लागली तर पहिल्यांदा हे बघा की ती कुठल्या फिल्मची आहे. ८ मिलिमीटरचे दोन प्रकार. जुना 'रेग्युलर ८' १९३२ चा, आणि कोडॅकने १९६५ साली आणलेला 'सुपर ८'. रुंदी दोन्हींची तीच, पण भोकं वेगळी. रेग्युलरची भोकं मोठी, आणि दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर येतात. सुपर ८ ची बारीक, आणि चौकटीच्या मध्यासमोर. एकाची फिल्म दुसऱ्याच्या यंत्रात घातलीत तर पंजा भोकाऐवजी फिल्ममध्ये घुसतो आणि माझ्यासारख्याला शिव्या खायची वेळ येते. आमची डबी सुपर ८ ची निघाली, म्हणून पुढची मापं त्याचीच देतो.

पंजा म्हणजे काय? खिडकीसमोर जिथे फिल्म सपाट बसते त्याला गेट म्हणतात. गेटच्या बाजूने एक बारका दात बाहेर येतो, भोकात शिरतो, फिल्म एक चौकट खाली ओढतो, मागे सरतो आणि वर जाऊन पुन्हा तेच. पस्तीस मिलिमीटरच्या मोठ्या मशीनमध्ये हे काम माल्टीज क्रॉस नावाचं खाचांचं चाक करतं. तत्त्व तेच: ओढ, थांब, ओढ, थांब. चित्र दिसतं ते थांबलेल्या क्षणात. हे डोक्यात पक्कं ठेवा.

साफसफाईत फार वेळ घालवू नका. जुनं ग्रीस घट्ट होऊन हँडल जड झालेलं असतं. ते काडीने खरवडून काढा, धातूच्या भागाला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सुईच्या टोकाने द्या. जास्त दिलंत तर ते गेटवर येतं आणि फिल्मला लागतं. प्लॅस्टिकला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावायचा नाही, दुधी खिडकी कायमची आंधळी होते. भिंगावर बुरशीची जाळी असेल तर ती हलक्या हाताने पुसा. सांगलीतल्या पावसाळ्यात ती परत येणारच. गेटमध्ये अडकलेला केस मात्र मी काढला नाही. नात म्हणाली, राहू द्या. पहिले चार दिवस माझा हात शिवशिवत होता.

फिल्म

सुपर ८ ची चौकट जेमतेम पावणेसहा मिलिमीटर रुंद आणि चार मिलिमीटर उंच, म्हणजे कोलमच्या तांदळाएवढी. एका फुटात अशा ७२ चौकटी. घरच्या प्रोजेक्टरवर सेकंदाला १८ चौकटी जातात, तेव्हा एक फूट म्हणजे चार सेकंद. हातातल्या डबीत हा हिशोब मोडतो, तो का ते पुढे सांगतो. सुरुवातीला दोन फुटांची माळ करा. आम्ही घरात लूपला माळच म्हणतो. फिल्मची दोन टोकं जोडून केलेलं कडं, जे डबीतून जातं आणि खाली लोंबत राहतं. फार आखूड केली तर वळण ताठ होतं आणि पंजा निसटतो.

फिल्म आणायची कुठून? जुन्या बाजारात खेळण्यातल्या प्रोजेक्टरची कार्टूनं मिळतात. कुणाच्या लग्नाची, बारशाची एकुलती एक फिल्म हाती लागली तर मात्र तिच्यावर ओरखडे काढायला सुई उचलू नका, ती ज्याची त्याला परत पोहोचवा. घरगुती ८ मिलिमीटर फिल्म सुरुवातीपासून न भडकणाऱ्या बेसवर, म्हणजे चित्राच्या थराखालच्या पारदर्शक पट्टीवर, निघाली, त्यामुळे आगीची भीती नाही. पस्तीस मिलिमीटरचा १९५० च्या आधीचा तुकडा कुठे सापडला तर त्याच्याशी खेळायचं नाही. तो नायट्रेटचा असू शकतो आणि पेटला की विझत नाही.

आमची फिल्म वेगळ्या वाटेने आली. तंबूच्या मालकाने कधीकाळी नातवासाठी आणलेली सुपर ८ ची रंगीत कार्टूनं मला देऊन टाकली होती. ती गावभागातल्या जुन्या घरी ट्रंकेत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा घरात शिरली. ट्रंक चार दिवस पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर मी जे केलं ते तुम्ही करू नका. मी गुंडाळी तशीच पत्र्यावर उन्हात ठेवली. फिल्मवरचा चित्राचा थर जिलेटिनचा असतो. ओला झाला की फुगतो, आणि गुंडाळीतच वाळला की वरच्या वेढ्याला डिंकासारखा चिकटतो. भिजलेली फिल्म स्वच्छ थंड पाण्यातच ठेवायची, हळूहळू धुवायची, आणि उलगडून दोरीवर कुरडयांसारखी सुटी वाळत घालायची. मला हे माहीत होतं. पण घरात गुडघाभर गाळ असताना फिल्मचं कुणाला सुचतं? अर्धी फाटली. उरली तिच्यावर रंग वाहून गेलेले, ससा की कुत्रा ते कळत नाही, सगळीकडे नदीच्या फाट्यांसारख्या रेघा. मी ती टाकणार होतो. नातीने डबीला लावून बघितली आणि "आबा, ही कुणी केली?" असं विचारलं. मी म्हटलं, कृष्णामाईने.

आता हाताने करायचं काम. आधी फिल्मची चित्राची बाजू ओळखा. ओठ किंचित ओला करून फिल्मला टेकवा, चिकटते ती चित्राची बाजू. ऑपरेटर लोक अंधारात असंच करायचे. मग बारीक सुई पेनाच्या नळीत बसवा आणि त्या बाजूने ओरखडा. रंगीत प्रतीत तीन थर असतात. वरचा किरमिजी, मधला निळसर, तळाचा पिवळा. गडद जागी हलक्या हाताने वरचा थर काढलात तर रेघ हिरवी येते, अजून दाबलंत तर पिवळी, आरपार गेलात तर पांढरी. थेटरात पडद्यावर हिरवी रेघ नाचायला लागली की आम्ही ओळखायचो, वरचा थर गेला. मग ओरडायला कोण येतंय तिकडे कान लावून बसायचं. तीच हिरवी रेघ आता मी मुद्दाम काढतो, आणि एका दाबात तिन्ही रंग आणायला मला तीन आठवडे लागले.

चौकटीचौकटीत नीट चित्र काढायचा हट्ट धरू नका. तांदळावर गणपती काढणारे असतात, त्यांना ते जमेल. तुम्ही फिल्म लांब ताणा आणि रेघ पाच-सहा चौकटींतून सलग जाऊ द्या. सरळ काढलेली रेघसुद्धा डबीत थरथरते, कारण हात दर चौकटीत केसभर हलतो. ठिपका डोळ्यात ठसायला हवा असेल तर तो सहा चौकटी तरी जवळपास त्याच जागी द्या. एकाच चौकटीतला ठिपका नुसता टोचून जातो. तोही कधी कधी हवा असतो.

रंगासाठी सीडीवर लिहायचे मार्कर चालतात. पण सांगलीत राहून हळद वापरायची नाही म्हणजे काय! हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या कोठारांत, जिथे हळद साठवायचे त्याच्या जवळ माझं आजोळ. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं पिवळं पाणी काढून घ्या. फिल्मच्या फिक्या जागी, म्हणजे आकाश, भिंत, जिथे जिलेटिन आहे पण रंग कमी, तिथे बारीक ब्रशने लावा. जिलेटिन ते पिऊन घेतं. वाळल्यावर चुन्याच्या निवळीत बुडवलेली काडी त्यावरून ओढा. पिवळ्याचं लाल होतं. आपलं कुंकू असंच होत आलंय, हळद आणि चुना. निवळी गाळून घ्या, चुन्याचा कण राहिला तर तो गेटमध्ये ओरखडे काढतो. आणि हळदीचा रंग उन्हात उडतो, हे आधीच मान्य करून टाका. आमची पहिली हळदीची माळ खिडकीत लोंबत होती, गौरी जेवेपर्यंत फिकी झाली. नात म्हणते तोही कामाचाच भाग. माझं म्हणणं, खिडकीतून काढायला विसरलो हे कबूल करावं.

जोड

इथे मी सैल सोडणार नाही. ओरखडे वाट्टेल तसे काढा, जोड मात्र नेमका हवा. जोड चुकला तर माळ फिरणारच नाही आणि तुमची कला डबीत अडकून बसेल.

सुपर ८ मध्ये भोक चौकटीच्या मध्यासमोर असतं, त्यामुळे कापायचं ते दोन भोकांच्या बरोबर मधे. भोकापासून भोकापर्यंत ४.२३ मिलिमीटर. बाजारातला स्प्लायसर, म्हणजे फिल्म कापून जोडायचं साधन, मिळाला तर उत्तम. आम्हाला मिळाला नाही, म्हणून मिरजेतल्या एका तंतुवाद्य कारागिराकडून लाकडाची पट्टी करून घेतली. सतारीचे पडदे बसवणाऱ्या हाताला मिलिमीटरचा दहावा भाग सांगावा लागत नाही. पट्टीत फिल्मच्या रुंदीची खाच, आणि खाचेच्या काठाला दोन सुया उभ्या ठोकलेल्या, अंतर पाच भोकांचं, म्हणजे २१.१५ मिलिमीटर. सुई ०.७ मिलिमीटरची, भोकात सैलसर जाईल अशी. दोन्ही टोकं दोन सुयांवर अडकवली की ती आपोआप समोरासमोर येतात.

घरातला सेलोटेप वापरू नका. त्याचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि माळेचे वेढे एकमेकांना धरतात. पातळ पॉलिएस्टर टेप घ्या, फिल्मच्या दोन्ही बाजूंना लावा, नखाने बुडबुडे काढा, काठाबाहेरचा टेप ब्लेडने कापा आणि झाकलेली भोकं सुईने मोकळी करा. फिल्म सिमेंट, म्हणजे फिल्म जोडायचा खास गोंद, मिळालं तर तेही चालतं, पण फक्त अॅसिटेट बेसला. त्यासाठी जिथे जोड येणार तिथलं जिलेटिन आधी पूर्ण खरवडावं लागतं. पॉलिएस्टर बेसला सिमेंट धरत नाही. दोन्हींतला फरक कसा ओळखायचा? गुंडाळी उजेडासमोर कडेने धरा. उजेड आरपार आला तर पॉलिएस्टर.

नातीला एकदा पीळ घातलेली माळ करायची होती, म्हणजे फिल्मच्या दोन्ही बाजू आळीपाळीने दिसतील. मी म्हटलं कर. तिने करून आणली, अर्धी फेरी झाली आणि खट्. सुपर ८ ला भोकं एकाच काठाला असतात. पिळानंतर ती दुसऱ्या काठाला गेली आणि पंजा कोऱ्या काठावर दात घासत बसला. दोन्ही काठांना भोकं असलेली १६ मिलिमीटरची फिल्म असती तर जमलं असतं.

बघणं आणि दाखवणं

सूर्याकडे तोंड करून कधीही बघायचं नाही. भिंगातून ऊन थेट डोळ्यात जातं आणि डोळ्याला जोड मारता येत नाही. मुलांच्या हाती डबी देताना हे आधी सांगा. सकाळी नऊच्या सुमाराला उत्तरेकडचं आकाश किंवा चुना दिलेली भिंत सगळ्यात चांगली. रात्री बघायचं तर दिव्यासमोर बटर पेपर धरा.

गेल्या गणपतीत गल्लीतल्या मंडळाच्या टेबलावर आम्ही डबी ठेवली, सुतळीने बांधून. खाली पुराची माळ लोंबती. काय बघायचं, किती वेळ बघायचं, काही लिहिलं नाही. हे तुम्हीही लिहू नका. शेजारच्या काकूंनी हँडल उलटं फिरवलं आणि उलटंच फिरवत राहिल्या. एकाने गिरणीच्या वेगाने फिरवून "काही दिसत नाही" म्हणून ठेवून दिली. एक सातवीतला पोरगा हँडल न फिरवता एकाच चौकटीवर थांबला. मागे रांग, पण हा हलेना.

त्याच्याकडे बघताना माझ्या पोटात गोळा आला, सवयीने. आमच्या मशीनमध्ये मागून कार्बनच्या दिव्याचा तापलेला झोत असायचा. चौकट गेटमध्ये थांबली की पडद्यावर मधोमध तपकिरी डाग फुटायचा आणि डोळ्यादेखत पसरायचा. फिल्म जळाली. त्यामुळे अकरा हंगामांत मी फिल्म चालती असताना एकही चौकट थांबून बघितलेली नाही. वेग मशीनचा, सेकंदाला २४, आणि तंबूतल्या प्रत्येकाला तोच. या डबीत मागे नुसता आकाशाचा उजेड, काही जळत नाही. म्हणून सेकंदाला १८ चा हिशोब इथे धरू नका, आणि माळ करताना असं काही ठेवा की जे थांबलेल्या माणसाला मिळेल आणि पळणाऱ्याच्या हातून सुटेल. आमच्या दुसऱ्या माळेत १४४ पैकी एकाच चौकटीत मी सुईने तंबू काढलाय. आतापर्यंत तिघांना सापडला.

माळ ठेवताना घट्ट गुंडाळू नका. सैल वेढा करून कागदी पाकिटात ठेवा. पत्र्याच्या बंद डब्यात नको. महिन्यातून एकदा पाकीट उघडून नाक लावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अॅसिटेट कुजायला लागलंय. ती माळ बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा, नाहीतर वास सगळ्यांना लागतो. आमच्या पुराच्या माळेला गेल्या महिन्यापासून थोडा येतोय. ती आता एकटीच गॅलरीतल्या कपाटात असते. कुणी बघायला आलं तर मी काढून देतो, आणि पुसत नाही.